खारपाणपट्ट्यातील समुद्री टाकी : मासे निवडण्याच्या एका निर्णयाचे प्रकरण

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला जिल्ह्यातील एका बाजाराच्या गावी, एका शिक्षणसंस्थेचे सार्वजनिक वाचनालय आहे. त्याच्या दर्शनी दालनात सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी काचेची टाकी बसवून तिच्यात प्रवाळ खडकाचा देखावा उभारावा आणि जिवंत समुद्री मासे ठेवावेत, असा ठराव संस्थेने केला. त्यासाठी लागणारा पैसा व्यापारी जहाजावर नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने दिला होता. पैशासोबत त्याने अकरा माशांची यादीही पाठवली होती, आणि त्या यादीवर केवळ नजर टाकण्यासाठी एप्रिल महिन्यात मला बोलावणे आले. मी प्राणिशास्त्र शिकवतो आणि बरीच वर्षे घरी एक लहान समुद्री टाकी सांभाळत आलो आहे. माझी पात्रता एवढीच. यादीतील अकरांपैकी नऊ मासे मी खोडले. ते का खोडले, त्यांच्या जागी कोणते घेतले आणि त्या निवडीत माझे कोठे चुकले, याची ही नोंद आहे.

पहिल्याच बैठकीत चर्चा माशांवर न होता मिठावर झाली, आणि ते या भागात स्वाभाविक होते. गाव खारपाणपट्ट्यात आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीचे पाणी खारट लागते, पिण्याचे पाणी दुरून नळाने येते किंवा आरओच्या कॅनमधून विकत घ्यावे लागते. वाचनालयाच्या शिपायाने मला विचारले, "सर, आपल्या इहिरीचं पाणी त असंच खारं हाये, मंग मीठ कायले इकत आनता?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. माणसाला जे विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, त्यातही क्षार याच्या कित्येक पटींनी कमी असतात. शिवाय समुद्राच्या पाण्यात क्षारांचे परस्परांशी असलेले प्रमाण ठरलेले असते : लिटरमागे मॅग्नेशियम १,२८० मिलिग्रॅमच्या आसपास, कॅल्शियम ४१० च्या आसपास. विहिरीच्या पाण्यात नुसते मीठ वाढवून हे प्रमाण साधत नाही. लोणारचे सरोवर तर जवळच्याच जिल्ह्यात आहे आणि खारेही आहे, पण त्याचे पाणी इतके अल्कधर्मी आहे की समुद्री मासा त्यात तगणार नाही. म्हणून आरओचे पाणी आणि समुद्री टाक्यांसाठी तयार मिळणारे कृत्रिम मीठ हाच मार्ग ठरला. टाकी आणि तिच्याखालचा सम्प (पाणी गाळून परत चढवण्याची लहान टाकी) मिळून सुमारे ७०० लिटर पाणी होते. त्याला पहिल्या भरणीलाच २५ किलो मीठ लागले.

यानंतर मी यादी बाजूला ठेवण्याची विनंती केली आणि मे महिना संपेपर्यंत टाकीत केवळ साधे पाणी ठेवून तीन गोष्टी मोजल्या. संस्थेच्या सचिवांना हा वेळकाढूपणा वाटला, कारण त्यांच्या मनात १५ ऑगस्टचे उद्घाटन होते. माझ्या मते मात्र या प्रकरणातील सर्वांत उपयोगी काम याच महिन्यात झाले.

पहिली गोष्ट विजेची. गावठाणच्या फिडरवर भारनियमन पूर्वीइतके राहिलेले नाही, पण मे महिन्यात वादळी वारा सुटला की तारा तुटतात आणि चार-पाच तास वीज येत नाही. दुसरी गोष्ट उष्णतेची. येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. प्रवाळ खडकांवरील माशांना २४ ते २७ अंशांचे पाणी हवे असते. दालनात ४१ अंश तापमान असताना आम्ही चिलर, म्हणजे पाणी थंड ठेवणारे यंत्र, बंद केला, तेव्हा टाकीतील पाणी चार तासांत २६ अंशांवरून २७.४ वर गेले. हा आकडा धीर देणारा होता, कारण पाण्याचा साठा मोठा असल्यामुळे तापायला वेळ लागत होता. खरी अडचण तापमानापेक्षा प्राणवायूची होती. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर तेवढ्याच तापमानाच्या समुद्री पाण्यात पावणेसात. पाणी तापत गेले की तोही घटत जातो. पंप थांबून पाणी निश्चल झाले तर मासे उष्णतेने मरण्याच्या आधी गुदमरून मरतात. आमच्या भागातल्या माणसाला हे पटवणे अवघड जाते, कारण त्याने आठवडी बाजारात पत्र्याच्या टोपात दिवसभर वळवळणारी मरळ पाहिलेली असते. मरळ हवेतला प्राणवायू घेऊ शकते. समुद्री खडकावरच्या माशाला ती सोय नाही. चिलर इन्व्हर्टरवर चालत नाही, म्हणून इन्व्हर्टरला केवळ मुख्य पंप आणि दोन हवेचे पंप जोडले, आणि फ्रीजरमध्ये दोन लिटरच्या चार बाटल्या गोठवून ठेवण्याची शिस्त लावली. हिशेबाने या चार बाटल्या सातशे लिटर पाणी साधारण एक अंशाने उतरवतात.

तिसरी गोष्ट माणसाची. टाकीची रोजची देखभाल शिपायाकडे असणार होती. तो कामाला चोख होता, पण त्याच्याकडे वाचनालयाची आणि बागेचीही कामे होती, आणि दिवाळी, लग्नसराई व पेरणीच्या दिवसांत तो रजेवर जाणार हे उघड होते. दिवसातून दोनदा खाद्य घालणे त्याला शक्य होते. तिसऱ्यांदा घालायला दालनात कोणी नसे.

यादीतील पहिले नाव कायद्याने कटले. समुद्रघोडे, तसेच सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत २००१ मध्ये करण्यात आला आणि त्यांना कायद्याचे संरक्षण आजही आहे. देणगीदाराला परदेशी बंदरांतील मत्स्यालयांत पाहिलेले जिवंत प्रवाळ हवे होते, आणि एका विक्रेत्याने 'लाइव्ह रॉक' पुरवण्याची तयारीही दाखवली होती. परंतु तो खडक म्हणजे प्रवाळाचाच सांगाडा असतो, आणि सार्वजनिक संस्थेने तो दर्शनी दालनात मांडणे म्हणजे आपणच पुरावा लावून बसणे होते. खडकाचा देखावा आम्ही गावातील कुंभाराकडून करून घेतला. बिनझिलईची, पक्की भाजलेली मातीची नळकांडी आणि जाळीदार ठोकळे एकावर एक रचून त्याने जी कपार उभी केली, ती दोन-तीन महिन्यांत शेवाळाने मढली आणि काचेपलीकडून खडकच वाटू लागली. सच्छिद्र माती जिवाणूंना राहायलाही सोयीची असते. जिवंत प्रवाळ नसल्यामुळे महागड्या दिव्यांचा खर्चही वाचला.

खोडलेल्या उरलेल्या आठ नावांवर बराच वाद झाला. लायनफिश प्रत्येकाला हवा होता, आणि तो खरोखर काटक मासा आहे; पण तोंडात मावेल तो शेजारी तो गिळतो, म्हणजे तो घेतला तर टाकी त्याच्या एकट्याची होते. पँथर ग्रुपरचे छायाचित्र फारच मोहक होते : पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, लांबी जेमतेम दोन-अडीच इंच. कोकणात ज्याला हेकरू म्हणतात त्याच्या गोतातला हा मासा ७० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि वाढता वाढता बरोबरीच्यांना खाऊन टाकतो, हे विक्रेत्याच्या पत्रकात अर्थातच नव्हते. बटरफ्लायफिशच्या अनेक जाती जिवंत प्रवाळावरच चरतात. आमच्या मातीच्या खडकावर ते उपाशी राहिले असते. मूरिश आयडॉल अनुभवी माणसांच्या हातूनही टिकत नाही. मँडरिन हा सूक्ष्म कवचधारी जिवांवर दिवसभर टिपत जगणारा मासा. नव्या टाकीत ते जीव पुरेसे नसतात आणि कोरड्या दाण्याकडे तो बहुधा वळूनही पाहत नाही. अँथियासचा थवा सुंदर दिसतो, पण त्याला दिवसातून अनेकदा थोडे थोडे खाद्य हवे, आणि आमच्याकडे दोनच वेळा होत्या.

क्लीनर रासबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण 'डॉक्टर मासा' या नावाने तो हमखास गळ्यात मारला जातो. दुसऱ्या माशांच्या अंगावरील परजीवी वेचून तो पोट भरतो, त्यामुळे एक ठेवला की टाकीतील रोगराई संपते असा समज आहे. प्रत्यक्षात समुद्रातील आपल्या ठिकाणी तो दिवसाकाठी कित्येक माशांची साफसफाई करतो. टाकीतील दहा-बारा माशांवर त्याचे पोट भरत नाही. तो खंगत जातो, आणि टाकीतील पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही त्याच्याने आवरत नाही.

सर्वांत कठीण नकार ब्लू टँगचा होता. चित्रपटामुळे हा गर्द निळा, पिवळ्या शेपटीचा मासा गावातील लहान मुलांनाही ठाऊक होता आणि देणगीदाराच्या यादीत तो सर्वांत वर होता. तो ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. सहा फुटांची टाकी त्याला कशीबशी पुरली असती, हे मी बैठकीत लपवले नाही. मात्र तो सतत आणि वेगाने पोहणारा असल्यामुळे प्राणवायूची त्याची गरज मोठी आहे, आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला तो इतरांच्या आधी बळी पडतो. मे महिन्यातील वीज गेलेल्या संध्याकाळी सर्वांत आधी जो मासा धापा टाकू लागेल तोच टाकीचे मुख्य आकर्षण असावा, हे मला मान्य नव्हते. सचिवांनी त्यावर, मुले मग पाहतील काय, असे विचारले. प्रश्न रास्त होता. सार्वजनिक टाकीतील मासा दिवसा बाहेर दिसला पाहिजे, आणि दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर दिसला पाहिजे. दिवसभर कपारीत बसणारा निरोगी मासा घरी चालतो, येथे चालत नाही. अंतिम यादी करताना ही कसोटी मी तापमानाच्या खालोखाल ठेवली.

मूळ यादीतून क्लाउनफिश आणि हिरवा क्रोमिस हे दोन राहिले. क्लाउनफिशची जोडी आम्ही पैदास केंद्रात वाढवलेली घेतली. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांच्या पैदाशीचे तंत्र बसवलेले आहे, आणि टाकीतच जन्मलेला मासा आणल्याच्या पहिल्या दिवसापासून कोरडे दाणे खातो, प्रवासाला कमी घाबरतो आणि त्याच्यासाठी समुद्रातून काही उपसावे लागत नाही. त्याला समुद्रफूल (निसर्गात ज्याच्या आसऱ्याने तो राहतो तो जीव) लागतेच, हा समज खोटा आहे. मातीच्या नळकांड्यावर तो तितकाच समाधानी असतो. दोनच घेण्याचे कारण असे की या माशांत सर्वांत मोठी ती मादी आणि तिच्या खालोखाल नर अशी उतरंड असते, आणि जोडी जमली की तिसऱ्याला ते जगू देत नाहीत. त्यांच्या जोडीला बांगाई कार्डिनलची एक जोडी घेतली, जी संथपणे मधल्या पाण्यात तरंगत राहते आणि म्हणून काचेसमोर सतत दिसते. हा मासा मूळचा इंडोनेशियातील मोजक्या बेटांभोवतीचा आणि निसर्गात संकटात आलेला आहे, त्यामुळे तोही पैदाशीचाच मिळेल तर घ्यायचा, नाहीतर नाही, अशी अट मी घातली होती. ती पाळता आली. याशिवाय शेवाळ खरवडणारा एक लॉनमोअर ब्लेनी, एक फायरफिश आणि एक फॉक्सफेस घेतला. फायरफिश उडी मारतो, म्हणून टाकीवर बारीक जाळीची चौकट बसवली. फॉक्सफेसच्या पाठीचे काटे विषारी असतात, आणि लायनफिशला नकार देणाऱ्याने हा कसा स्वीकारला, असा आक्षेप एका संचालकांनी घेतला. उत्तर साधे होते : फॉक्सफेस वनस्पतिभक्षी आहे, शेजाऱ्यांना खात नाही, आणि त्याच्या झळझळीत पिवळ्या अंगामुळे दालनाच्या दारातूनच टाकीकडे लक्ष जाते. टाकीत हात घालताना जाड हातमोजे घालावेत, आणि काटा लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून थेट दवाखान्यात जावे, अशी सूचना टाकीच्या मागील बाजूस चिकटवली. क्रोमिस पाच घेतले. ही संख्या माझी नव्हती, थवा हवा म्हणून देणगीदाराची होती. पण मी ती मान्य केली, त्यामुळे पुढे जे झाले त्याची जबाबदारी माझीच आहे.

जुलै महिन्यात टाकीत खारे पाणी भरले आणि मासा न घालता अमोनियाचे मोजके थेंब घालून जिवाणूंची वाढ होऊ दिली. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे हे जिवाणू पुरेसे वाढायला दीड ते दोन महिने गेले. सप्टेंबरात टाकी तयार होती, तरी मासे नोव्हेंबरपर्यंत मागवले नाहीत, कारण ते मुंबईहून रात्रीच्या गाडीने थर्माकोलच्या पेटीत येणार होते आणि ऑक्टोबरची उष्मा मला नको होती. पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा सामू (पीएच) उतरतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडल्यावर मात्र वायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया घातक होतो. म्हणून पिशवी बंद ठेवूनच तापमान जुळवावे, आणि उघडल्यावर तासन्तास थेंब थेंब पाणी मिसळत न बसता मासा लवकर बाहेर काढावा. हे शिपायाला एकदा सांगितले आणि त्याने ते पक्के लक्षात ठेवले.

प्रत्येक तुकडी आधी शंभर लिटरच्या वेगळ्या, उघड्या टाकीत किमान चार आठवडे ठेवली. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचे औषध चालते, पण मुख्य टाकीत ते घालता येत नाही. गोगलगायी आणि शंखखेकडे त्याने मरतात आणि सच्छिद्र माती तांबे शोषून घेते. शिवाय एकदा रोग मुख्य टाकीत शिरला तर टाकी सुमारे अडीच महिने माशांवाचून रिकामी ठेवावी लागते, आणि लोकांसमोर रिकामी टाकी ठेवणे कोणत्याही संस्थेला परवडत नाही. पहिल्या तुकडीत कार्डिनल, फायरफिश आणि ब्लेनी आले, दुसऱ्या तुकडीत क्रोमिस, आणि जागेवर हक्क सांगणारे क्लाउनफिश व फॉक्सफेस शेवटी, फेब्रुवारीत. याचा परिणाम असा झाला की २६ जानेवारीला उद्घाटन झाले तेव्हा ज्याच्यासाठी मुले रांगेत उभी होती तो नारिंगी मासाच टाकीत नव्हता. त्या दिवशी मला बरेच ऐकून घ्यावे लागले. क्रम बदलला असता तर भाषणे सुखाची झाली असती, पण आधी आलेल्या क्लाउनफिशने नंतरच्या फायरफिशला कपारीतून बाहेर येऊ दिले नसते.

पहिल्या उन्हाळ्यात विजेने दगा दिला नाही. अडचण निराळ्याच बाजूने आली. मे महिन्यात शिपाई पुतणीच्या लग्नासाठी दहा दिवस रजेवर गेला आणि बदली माणसाने टाकीची पातळी रोज भरून काढली, मात्र मिठाचे पाणी घालून. समुद्री माशाच्या टाकीत खारे पाणी घालावे, हा त्याचा तर्क सरळच होता. परंतु बाष्पीभवनात केवळ पाणी उडते, मीठ मागे राहते. त्यामुळे भर नेहमी आरओच्या गोड्या पाण्याची घालावी लागते. कोरड्या हवेत टाकीतून रोज सुमारे दहा लिटर पाणी उडत होते, म्हणजे रोज साडेतीनशे ग्रॅम मीठ वाढत होते. मी गेलो तेव्हा पाण्याचे विशिष्ट गुरुत्व, ज्यावरून क्षारता कळते, १.०२५ च्या जागी १.०३० झाले होते आणि क्रोमिस पृष्ठभागाजवळ जलद श्वास घेत होते. तीन दिवसांत थोडे थोडे खारे पाणी काढून तेवढेच आरओचे पाणी घातले आणि क्षारता पूर्ववत केली. एकही मासा दगावला नाही, याचे श्रेय मी काटक यादीला देतो. त्यानंतर दोन्ही पिंपांना वेगळे रंग दिले : भरीच्या पाण्याला निळा, मिठाच्या पाण्याला लाल.

माझी चूक क्रोमिसची. हे मासे समुद्रात मोठ्या थव्याने राहतात, पण टाकीत त्यांच्यातला एक वरचढ होतो आणि सर्वांत दुबळ्याला हुसकावत राहतो. तो संपला की पुढचा. हे मला वाचून ठाऊक होते आणि तरीही पाचांचा थवा टिकेल असे मी धरून चाललो. मार्चमध्ये पाच होते, जूनमध्ये तीन, ऑगस्टमध्ये दोन. रोज येणाऱ्या एका चौथीतल्या मुलीने ही गळती माझ्याआधी वहीत नोंदवली होती. तोपर्यंत टाकीवरील पाटीवर 'हिरवा क्रोमिस : ५' असेच लिहिलेले होते.

दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात क्लाउनफिशने कुंभाराच्या एका नळकांड्यावर अंडी घातली. पैदास केंद्रांतही मातीची मडकीच त्यासाठी वापरतात, त्यामुळे आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते, तरी दालनात गर्दी झाली. आठवड्याभराने निघालेली पिल्ले वाचवण्यासाठी लागणारे सूक्ष्म जिवंत खाद्य आमच्याकडे नाही आणि ते करण्याचा संस्थेचा विचारही नाही. सध्या टाकीत नऊ मासे आहेत, आणि मार्च ते ऑक्टोबर या काळात नवा मासा आणायचा नाही असा नियम ठरावात लिहून घेतला आहे. देणगीदाराने ब्लू टँगची मागणी पुन्हा केली आहे. चिलरला पुरेल असा जनित्र आधी द्यावा आणि त्यानंतरचा एक मे महिना जाऊ द्यावा, असे उत्तर मी सचिवांमार्फत कळवले आहे.